दोन्ही दुर्बिणी धुरकट

मरोळ, अंधेरी
१८ ऑक्टोबर १९५७

प्रिय कुंदा,

बेसिल आला. आमच्या भाऊरायाची बोट मंगळवारी गोदीला लागली. पेटी उघडून त्याने आधी काय काढलं असेल? मम्मीचे चहाचे कप नाहीत, माझं कापड नाही. दोन दुर्बिणी! एक तुझी, एक माझी. तो निघाला तेव्हा आपण थट्टेत म्हणालो होतो, "जपानला जातोस तर दुर्बीण आण." ते येड्याने मनावर घेतलं. म्हणतो, "लढाईतल्या ब्लॅकआऊटच्या वर्षांत तुम्ही दोघींनी मला पडवीत धड झोपू दिलं नाही. तो तारा बघ, हा तारा बघ. आता एकदाचं काय ते नीट बघा."

पण दोन्ही सारख्या नाहीत. मोठीवर ७×५० लिहिलंय, छोटीवर ८×३०. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या रुंदीचा. बोटीवर काळोखातल्या पहाऱ्याला मोठीच घेतात म्हणे, कारण ती उजेड जास्त गोळा करते. पण जड केवढी! मी उभ्याने धरली तर थोड्या वेळात हात कापायला लागले आणि सगळे तारे मुंग्यांसारखे पळायला लागले. छोटी हलकी आहे, शाळेच्या पिशवीत मावते. चंद्राला झकास. फिकट काही बघायचं तर मात्र मोठीची सर नाही.

तू आधी निवड. राहील ती माझी. मनात काही ठेवणार नाही, शप्पत.

आणि मोतमाउलीच्या जत्रेला का आली नाहीस गं? तू पावसाचं सांगितलंस, पण त्या रविवारी पाऊस होता कुठे? मम्मी सारखी विचारते.

शाळेत सगळ्यांना वाटतंय मी रशियाने सोडलेला चंद्र बघायला दुर्बीण मागवली. हेडबाईंनी नंबर लावून ठेवलाय.

तुझी,
अँजेलिना


मुलुंड
२५ ऑक्टोबर १९५७

प्रिय अँजी,

तुझं पत्र ऐन दिवाळीत मिळालं. बेसिलला सांग, एवढी मोठी ओवाळणी मला आजवर कुणी घातली नाही, आणि मी त्याला ओवाळलंही नाही.

निवडायच्या आधी एक विचारते. मोठी दुर्बीण आडवं पडून धरता येईल का? अंगणात बाज टाकायची, दोन्ही कुशींना उशा घ्यायच्या आणि कोपरं त्यांवर टेकवायची. तसं जमत असेल तर मोठीच दे. मला चंद्र नको. बाबा तुमच्या पडवीतून दाखवायचे तो देवयानीतला कापसाचा पुंजका मला बघायचा आहे. तेव्हा तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, आठवतं? ययातीतली ती ताऱ्यांची जोडगोळी आणि मृगाच्या तलवारीतला धुरळाही बघायचाय. शाळेतली नोकरी सोडल्यापासून संध्याकाळी वेळच वेळ असतो. मी अंगणात पडलेलीच असते.

जत्रेचं म्हणशील तर कंबर धरली होती. आता बरी आहे. पण मी येणार नाही, जयवंत येईल पुढच्या रविवारी, सायकलने, कांजूरवरून पवईच्या रस्त्याने. त्याला फार बोलत बसवू नकोस, परतायला उशीर होतो.

मावशीला नमस्कार.

तुझी,
कुंदा


मरोळ
३ नोव्हेंबर १९५७

प्रिय कुंदा,

तुझा नवरा आत्ताच गेला. इतका कसला घाईत असतो तो? चहा उभ्याने प्याला. मम्मीने "कुंदा कशी आहे?" विचारलं तर "बरी आहे" एवढंच बोलला आणि सायकलची हवा बघत बसला. भांडलात का दोघं?

दुर्बीण त्याच्याबरोबर दिलीय. आडवं पडून अगदी छान धरता येते. मी पडवीत चटईवर पडून बघितलं, थरथर निम्म्याने कमी. ओळीने सगळं सांगते. आधी दिवसा लांबच्या झाडावर लाव. दोन्ही नळ्यांचं चित्र एकच दिसलं पाहिजे, दोन-दोन दिसली तर आतलं काही सरकलंय. मग डोळ्याजवळची भिंगं एकेक करून फिरव, आधी डावा डोळा मिटून, मग उजवा. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसतो. पुढच्या भिंगाला पदर लावू नकोस, निळी झाक आहे ती निघेल. आणि बघायच्या आधी चांगला वेळ काळोखात बस. डोळ्यांना काळोखाची सवय व्हावी लागते.

या गुरुवारी खग्रास चंद्रग्रहण आहे. चंद्र उगवता उगवताच ग्रहण लागेल, पावणेआठला पूर्ण झाकलेला असेल. मी छोटीने बघते, तू मोठीने बघ. कुणाला कसला रंग दिसला ते लिहू. आळस करू नकोस.

तुझी,
अँजेलिना


मुलुंड
१७ नोव्हेंबर १९५७

प्रिय अँजी,

ग्रहण बघणं झालं नाही. घरी पाहुणे होते. तू बघितलंस तर रंग लिही.

पण दुर्बिणीविषयी लिहायचं आहे. वाईट वाटून घेऊ नकोस. दिवसा ती फार छान आहे. समोरच्या टेकडीवरची गुरं मोजता येतात. चित्र एकच दिसतं. सगळं तू सांगितलंस तसं केलं. पण तारे बघताना काहीतरी बिघडतं. चंद्र उशिरा उगवायला लागला तसे मी तीन-चार दिवस प्रयत्न केले. ठळक तारे दिसतात, पण त्यांच्यामागे सगळं काळं. देवयानीचा पुंजका तर नाहीच. कृत्तिकांमध्ये खच्चून तारे दिसतील म्हणाली होतीस, मला चार दिसले, तेही मळकट काचेतून बघावं तसे. जयवंत म्हणाला, "मला पुष्कळ दिसतात." पण तो माझं मन राखायला काहीही म्हणेल.

आतल्या भिंगांवर बुरशी धरली असेल का? समुद्राच्या हवेने धरते म्हणतात. किंवा दुकानदाराने बेसिलला फसवलं असेल. त्याला लगेच सांगू नकोस.

तुझी,
कुंदा


मरोळ
२० नोव्हेंबर १९५७

कुंदा,

बेसिलला सांगू नको म्हणालीस, पण तो बाजूलाच बसून वाचत होता. त्याला लागलं. त्याने ती दुर्बीण कोबेच्या दुकानात दहांतून निवडली होती, प्रत्येक उजेडासमोर धरून. बोटीवर महिनाभर तिनेच बघितलं. म्हणाला, "धुरकट? तिला म्हणावं, आधी डोळे धू." मीही जराशी चिडले. तुझ्याकडे पाठवायच्या आधी मी तिच्यातून कृत्तिका बघितल्या होत्या. काळ्या पाटीवर कुणी खडू झटकावा तशा दिसल्या.

तुमच्याकडे नवे कारखाने झालेत, त्यांच्या उजेडाने आकाश पुसलं जात असेल. नाहीतर तू दिव्याजवळ बसत असशील.

तरी वाद नको. जयवंत रविवारी येऊ दे. मोठी परत घेते, छोटी देते. बेसिल स्वतः मोठी तपासणार आहे.

ग्रहणाचा चंद्र तांब्याच्या हंड्यासारखा होता. पाहुणे काय, ते तासाभरासाठी अंगणात आले नसते का?

अँजेलिना


मुलुंड
२८ नोव्हेंबर १९५७

प्रिय अँजी,

छोटी मिळाली. तिचंही तेच. उलट जास्तच काळं. बेसिलला मोठीत काही सापडलं नसेल तर मला काय म्हणायचं ते कळत नाही. जयवंतने छोटीतून कृत्तिका बघितल्या आणि "अरे बापरे" म्हणाला, पण तो काय, त्याने दुर्बीण डोळ्याला लावली तीच मुळी या महिन्यात पहिल्यांदा.

कारखान्यांचा उजेड वगैरे काही नाही. उजेड असता तर बरं झालं असतं. हल्ली इथे दिवे इतके मंद असतात की संध्याकाळी तुळशीला दिवा लावून वळले आणि पायरीच चुकले. पडले नाही, सासूबाईंनी धरलं. परवा स्वयंपाकघरातला हंडा पायाने लवंडला. जयवंतला मोठा बल्ब लावायला सांगितलाय.

दोन्ही दुर्बिणी तूच ठेव. मला बहुतेक हा नाद झेपायचा नाही. बेसिलने माझ्यावर राग ठेवू नये.

तुझी,
कुंदा


मरोळ
१ डिसेंबर १९५७

कुंदा,

हे पत्र आजच टाकतेय, मिळाल्याबरोबर वाच आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

तुझं पत्र मी जेवताना मोठ्याने वाचत होते, बेसिलला चिडवायला. दोन दुर्बिणी, दोन वेगळे आकडे. दोन्ही दिवसा चांगल्या, दोन्ही काळोखात धुरकट. जयवंतला दोन्हीतून दिसतं, तुला एकीतूनही नाही. मोठी आमच्या घरी परत आली तर ती लख्ख. वाचता वाचता मीच थांबले. दोन्ही वेळेला एकच गोष्ट सारखी होती, तुझे डोळे. आणि मंद दिवे? कुंदा, मुलुंडचे दिवे मंद झालेले नाहीत.

मम्मीने घास खाली ठेवला आणि पायरीचं परत वाच म्हणाली. मी वाचलं. मग तिने विचारलं, "जत्रेला आली नाही. ग्रहणाला बाहेर पडली नाही. बाजेवर पडून असते. गो बाय, कुंदाला दिवस गेलेत का?"

बेसिल उठून बाहेर गेला.

मम्मी सांगते, बेसिलच्या वेळी तिचंही असंच झालं होतं. तिन्हीसांजेला स्वतःच्या घराचं दार सापडायचं नाही. रातांधळेपण. अंगात काही कमी पडलं की होतं. तिच्या सासूने वेसाव्याहून मुशीचं, म्हणजे शार्कचं, काळीज आणून खायला घातलं, मग सुटलं. तुला काय द्यायचं ते डॉक्टर सांगेल. पण तू त्याला हे सांग. कंबर-बिंबर नको, काळोखात दिसत नाही असं सरळ सांग.

मला सांगितलं नाहीस याचा राग नाही. म्हणजे आहे, पण तो नंतर.

अँजेलिना


मुलुंड
७ डिसेंबर १९५७

प्रिय अँजी,

मावशी बरोबर आहेत. सातवा चालू आहे.

तुझं पत्र वाचून मी जयवंत कामावरून यायची वाट बघितली. तिन्हीसांज उलटल्यावर त्याला अंगणातला दिवा घालवायला लावला आणि विचारलं, "तुला तुळस दिसते का?" "दिसते की," म्हणाला. "पायरी?" "दिसते." "माझा हात?" मी हात वर धरला होता. तो म्हणाला, "कुंदा, तीन बोटं वर केलीयस." मला स्वतःचा हात दिसत नव्हता. मी इतके दिवस समजत होते की सगळ्यांनाच एवढंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काय खातेस ते विचारलं. सुरुवातीला उलट्या थांबत नव्हत्या, तेव्हापासून पेज आणि भात एवढंच पोटात ठरतं. मासे श्रावणात सोडले ते सोडलेच. आणि एक नवस बोलले होते, मूल हातात येईपर्यंत दूध-तूप घेणार नाही. डॉक्टर फार रागावले. म्हणाले, "पोटातल्याला जे पाहिजे तेच तू देवाला देऊन बसलीस." शार्कच्या तेलाचं औषध लिहून दिलंय, चमचा मोजून. शिवाय दूध, पालेभाजी, गाजर. रोज दिवसाउजेडी हवेत बसायचं, एकटीने काळोखात चालायचं नाही.

घरी येताना मला नवसाचं भय वाटत होतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, देवापाशी गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "हिचा नवस आजपासून माझ्याकडे. दूध-तूप मी सोडलं." मग माझ्यासमोर दुधाचा पेला आणून ठेवला. मी पीत होते तोवर त्या समोर उभ्या होत्या.

तुला का सांगितलं नाही ते ऐक. मागच्या वेळी मी तुला तिसऱ्यातच सांगितलं. तुम्ही टोपडी शिवलीत, मावशींनी नऊ दिवसांची नोव्हेना केली, सगळ्या गावाने माझी चौकशी केली. मग आठव्यात सगळं संपलं, आणि वर्षभर मला रस्त्यात गाठून लोक विचारत होते, मुलगा की मुलगी? या वेळी ठरवलं, घरातल्या दोघांशिवाय कुणालाही नाही. तुझ्याशी खोटं लिहिताना जड जायचं. म्हणून ताऱ्यांविषयी जास्त लिहायचे, तेवढं तरी खरं होतं. तेही खरं निघालं नाही.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच जागेवरून फार हलू नको म्हणून सांगितलंय, म्हणून बाज. वर बघत पडायचं, दुसरं काही हातात नाही. आठवा आता येईल. मला भीती वाटते.

तुझी,
कुंदा


मरोळ
१२ डिसेंबर १९५७

प्रिय कुंदा,

हे बेसिलच्या हाती पाठवतेय. त्याच्याजवळ मोठी दुर्बीण आहे, ती परत तुझ्याकडे राहू दे. छोटीही ठेव. आपल्याला निवडायची घाई नाही. तेलाच्या दोन बाटल्या आहेत, वेसाव्याच्या, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नकोस. वास भयंकर आहे. बेसिल म्हणतो, नाक दाबून प्यायचं आणि लगेच मिठाची चिमूट तोंडात टाकायची.

इथे मी, मम्मी आणि बेसिल, तिघांनाच माहीत आहे. टोपडी शिवलेली नाहीत. मम्मी प्रार्थना करते, पण तोंडातल्या तोंडात.

मी यावं असं तुला वाटेल तेव्हा कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

तुझी,
अँजेलिना


मुलुंड
२७ डिसेंबर १९५७

प्रिय अँजी,

नाताळच्या दिवशी सकाळी लिहिणार होते, पण खात्री करून मगच लिहावं म्हटलं.

तेल घ्यायला लागल्यावर पहिल्यांदा काही फरक नव्हता. मग एका संध्याकाळी तुळशीचा कट्टा दिसायला लागला, नुसता गोळा. नंतर पायरीची कड. काल जेवणाआधी जयवंतने मला बाजेवर बसवलं, उशा लावल्या आणि मोठी दुर्बीण हातात दिली. पूर्वेला मृग चांगला वर आला होता. तलवारीवर लावली. तिथे नुसता तारा नव्हता, धुरळाही नव्हता. कुणीतरी थंडीत काचेवर श्वास सोडावा तसं काहीतरी होतं, आणि त्याच्या आत बारीक ठिणग्या. मी दुर्बीण जयवंतकडे दिली आणि विचारलं, "तुला काय दिसतं?" तो सांगत गेला. आमचं दोघांचं तंतोतंत जुळलं.

बेसिलची माफी माग. त्याची दुर्बीण काचेसारखी लख्ख आहे. परत बोटीवर जायच्या आधी त्याला माझं हे वाक्य वाचून दाखव.

आठवा चालू आहे. आज एवढंच.

तुझी,
कुंदा


मरोळ
२२ जानेवारी १९५८

प्रिय कुंदा,

बेसिलला ते वाक्य दोनदा वाचून दाखवावं लागलं. तो रविवारी गेला.

तू लिहीत नाहीस, मी विचारत नाही. पोस्टमन आला की मम्मी आणि मी, दोघीही काहीतरी काम काढून बाहेर उभ्या असतो, एवढंच सांगते.

अँजेलिना


मुलुंड
३ फेब्रुवारी १९५८

सौ. कॉन्सेप्टामावशी आणि अँजेलिना यांस,

सप्रेम नमस्कार. काल रविवारी पहाटे कुंदाच्या पोटात दुखायला लागलं. सूतिकागृहात नेलं. डॉक्टर मध्ये एकदा घाईने बाहेर येऊन नर्सला घेऊन परत आत गेले, तेव्हा माझा धीर सुटला होता. दुपारी मुलगी झाली. वजन बेताचं आहे, पण रडली ती रस्त्यापर्यंत ऐकू आली. कुंदा थकली आहे, बाकी ठीक आहे.

शुद्धीवर आल्यावर पहिलं म्हणाली, "अँजीला कळव. आता गावाला सांगितलं तरी चालेल म्हणावं."

मागे तुमच्याकडे आलो तेव्हा मी धड बोललो नाही. मला खोटं नीट जमत नाही, म्हणून गप्प होतो.

आपला,
जयवंत


मुलुंड
१६ मार्च १९५८

प्रिय अँजी,

बारशाला तुम्ही दोघी आलात, त्यानंतर आजच हातात पेन धरतेय. मावशींनी एका रात्रीत शिवलेली टोपडी मालनला अजून मोठी होतात, पण घातल्याशिवाय राहवत नाही. सासूबाईंनी परवा नवस फेडला आणि पहिल्यांदा चहात दूध घेतलं. म्हणाल्या, "काळा चहा कुणी सांगितला होता मला!"

दुर्बिणीचं आता ठरवू. मोठी तू घेऊन जा. पुढच्या रविवारी जयवंत घेऊन येईल. तिला दोन हात लागतात, आणि माझा एक हात आता कायम गुंतलेला. छोटी मांडीवर मालन असतानाही एका हाताने धरता येते. परवा पुष्यातला तो पुंजका बघितला. मोठीत जास्त दिसला असता, हे मला कळतं. पण हातात धरता येत नाही ती दुर्बीण कितीही चांगली असली तरी काय उपयोग? तू मोठीने बघ आणि मला लिहून कळव. जिथे माझं अपुरं पडेल तिथे तुझं वाचीन.

काल एक झालं ते सांगते. दिवेलागणीला वीज गेली. जयवंत मालनला आतल्या खोलीत निजवून बाहेर गेला होता, नेमकं कुठे ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. सासूबाई दारातच थांबल्या. "अगं, कंदील आण आधी," म्हणाल्या, "पोर कुठे आहे ते दिसत नाही, पाय पडेल."

मी आत गेले. कोपऱ्यात, भिंतीला लागून, टोपड्याखाली दोन डोळे उघडे होते.

"थांबा," मी म्हटलं, "मला दिसतेय."

तुझी,
कुंदा